कनवटीचे पैसे

बहिरमच्या यात्रेला निघालेला वऱ्हाडी शेतकरी घरांतली सगळी रोकड बरोबर घेऊन निघाला, असें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. ही यात्रा अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं भरते. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास राहुट्या पडूं लागतात, मातीच्या हंड्या चुलीवर चढतात, आणि पुढें महिनाभर तेथें अनोळखी माणसांची रीघ लागते. अशा गर्दींत शिरणारा शहाणा गृहस्थ आधीं घरींच हिशेब करी : रोडग्यांचें सामान इतक्याचें, लेकरांचा खाऊ इतक्याचा, परतीचें भाडें इतकें. तेवढे पैसे कमरेच्या कशांत. उरलेले घरीं पेटींत. बायकाही बेताचेच पैसे कनवटीला लावीत. कोणीं कसा कापला तर यात्रा बुडे. संसार बुडत नसे. पेटींतला पैसा वेगळा आणि कनवटीचा पैसा वेगळा, हा धडा त्या लोकांना कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकानें शिकविला नव्हता.

या धड्याची उजळणी करण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच आला, आणि तोही एका अगदीं नव्या वस्तूच्या निमित्तानें. अकोल्यास आमची थोरली भगिनी राहते. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन तिला पंधरा वर्षें झालीं. वाचनाचें वेड पूर्वीचेंच. परंतु गुडघे आतां टिळक रोडपर्यंतची चाल सोसत नाहींत, आणि डोळ्यांना ठसठशीत अक्षरांचीं पुस्तकें लागतात, तीं जवळच्या दुकानांत मिळतातच असें नाहीं. मोबाईलवरून मागविलेली वस्तु दारीं येते, हें तिला ठाऊक आहे. शेजारच्या मुली रोज कांहीं ना कांहीं मागवितात. ती मात्र अडून बसली होती. एके सायंकाळीं तिचा फोन आला. "अरे, तें आधीं पैसे भरून ठेवायचें कार्ड असतें म्हणे. बँकेच्या खात्याला हात न लावतां खरेदी होते. त्यांतलें कोणतें घेऊं, सांग बरें." आम्ही नेहमींच्या संवयीनें विषयाची प्रस्तावना करूं लागलों, तों ती म्हणाली, "काहून व्याख्यान देऊन राहिलास? माझ्या पेन्शनचें खातें त्या दुकानांना दाखवायचें नाहीं, एवढेंच मला ठाऊक आहे."

तिची भीति पोकळ होती असें कोणीं म्हणूं नये. आमच्याच गल्लींत, अमरावतीस, गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतों. दोन वर्षांपूर्वीं त्यांना एका अपरिचिताचा फोन आला. विजेचें बिल थकलें आहे, आज रात्रीं वीज तुटेल, दहा रुपये भरून नोंद अद्ययावत् करा, असें तो म्हणाला. त्यानें सांगितलेलें एक ॲप गुरुजींनीं मोबाईलवर उतरवून घेतलें. त्या ॲपमधून त्यांच्या मोबाईलचा पडदा त्या माणसाला दिसत होता, हें त्यांना कोठून ठाऊक असणार? अर्ध्या तासांत खात्यांतून एक लाख शहाऐंशी हजार रुपये गेले. पैसे गेल्याचें दुःख मोठेंच. परंतु पुढें जें झालें तें आम्हांस अधिक लागलें. शरमेनें त्यांनीं नऊ दिवस कोणाजवळ शब्द काढिला नाहीं. मुलाला कळलें तेव्हां तो बंगळुरूहून धांवत आला, आणि सद्भावनेनेंच त्यानें वडिलांच्या मोबाईलवरून बँकेचा सारा व्यवहार काढून टाकिला. चाळीस वर्षें मुलांना चक्रवाढ व्याज शिकविणारा मनुष्य आतां वहीपेन्सिलीकरितां मुलाच्या फोनची वाट पाहतो. चोरानें एकदां रक्कम नेली. त्याबरोबर घरांतला त्यांचा अधिकारही गेला.

म्हणून अक्काच्या प्रश्नाकडे आम्हीं थोडें बारकाईनें पाहिलें. बँकेचें नेहमींचें डेबिट कार्ड म्हणजे खात्याच्या दाराची किल्ली. क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीची वही. प्रीपेड कार्ड या दोहोंहून निराळें. त्यांत रक्कम आधीं भरावयाची, तेवढीच खर्चावयाची. संपली कीं कार्ड रिकामें. चोरानें त्याचे सारे अंक मिळविले, तरी त्या घटकेस कार्डांत जी शिल्लक असेल तेवढीच त्याच्या हातीं लागेल. आमच्या देशांत हा व्यवहार २००७ च्या देयक व निपटारा प्रणाली कायद्याखालीं येतो, आणि त्याचे सविस्तर नियम रिझर्व्ह बँकेनें २७ ऑगस्ट २०२१ रोजीं एकत्र करून प्रसिद्ध केले. ते वाचतांना आम्हांस वारंवार कमरेच्या कशाचीच आठवण होत होती.

बाजारांत या कार्डांच्या चार तऱ्हा आढळतात. पहिली, एखाद्या दुकानानें केवळ आपल्याच मालासाठीं दिलेलें भेटकूपन. अशा कूपनाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाहीं. तें त्या दुकानाच्या भरंवशावर चालतें, आणि दुकानाबरोबरच बुडूं शकतें. दुसरी, भेटकार्ड. २०२१ च्या नियमांप्रमाणें याची कमाल किंमत दहा हजार रुपये; यांत पुन्हां पैसे भरतां येत नाहींत, त्यांतून रोख काढतां येत नाहीं, कीं दुसऱ्यास रक्कम पाठवितां येत नाहीं. नातवाच्या वाढदिवसाला हें उत्तम. परंतु शेवटीं त्यांत सदतीस रुपये उरले म्हणजे त्यांचें करावयाचें काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय परत केलेल्या मालाची रक्कम ज्या कार्डांतून गेली त्याच कार्डांत येते. तेव्हां रिकामें झालें म्हणून तें लागलीच केरांत टाकूं नये. तिसरी तऱ्हा लहान प्रीपेड खात्याची : थोडक्या माहितीवर मिळतें, शिल्लक दहा हजारांच्या वर जाऊं देत नाहीं, आणि त्यांतून केवळ वस्तु व सेवा विकत घेतां येतात. चौथी, ओळखीचे सर्व कागद तपासून दिलेलें पूर्ण केवायसीचें कार्ड. त्यांत दोन लाखांपर्यंत रक्कम राहूं शकते, रोख निघते, दुसऱ्यास पाठवितांही येते. सोय जितकी अधिक तितकीं दारें अधिक. ज्याला केवळ पुस्तकें घ्यावयाचीं आहेत त्यानें ज्यांतून रोख निघत नाहीं असें कार्ड घेतलें, तर त्याचें कांहींच अडत नाहीं.

तऱ्हा ठरली कीं देणारा कोण, तें पाहावें. ज्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे त्यांची यादी ती स्वतःच प्रसिद्ध करते. कार्ड बँकेतर संस्थेनें दिलें असेल, तर ग्राहकांची शिल्लक तिनें आपल्या धंद्यांत न फिरवितां बँकेंतील निराळ्या एस्क्रो खात्यांत ठेवावी, असा नियम आहे. कार्ड देतांना, भरणा करतांना आणि दर वर्षाला शुल्क किती, मुदत केव्हां संपते, प्रत्येक खर्चाचा निरोप मोबाईलवर येतो कीं नाहीं, कार्ड हरवलें तर तें तत्काळ बंद करतां येतें कीं नाहीं, हें आधीं विचारावें. या शिलकेवर व्याज मिळत नाहीं. म्हणून महिन्याच्या गरजेहून अधिक रक्कम तेथें निजवून ठेवण्यांत लाभ नाहीं. आणखी एक कारण आहे. ३१ जानेवारी २०२४ रोजीं रिझर्व्ह बँकेनें पेटीएम पेमेंट्स बँकेला नवा भरणा घेण्यास मनाई केली, आणि १५ मार्च २०२४ नंतर तिच्या खात्यांत व पाकिटांत पैसे भरणें बंद झालें. लोकांना शिल्लक वापरण्याची व काढण्याची मोकळीक होती. परंतु तेवढ्यानेंही कित्येक घरांत धांवपळ उडाली. कसा हलका असेल तर अशा दिवशीं झोंप उडत नाहीं.

येथें कोणी विचारील, कीं पूर्वीं हें सारें नव्हतें तरी व्यापार चालतच होता ना? चालत होता, आणि तो कसा चालत होता तें वऱ्हाडाइतकें कोणास ठाऊक असणार! १८५३ सालीं हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला; १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवी युद्धानें येथील कापसाला सोन्याचा भाव आला; १८६७ सालीं आगगाडी नागपूरला पोंचली. अमरावती, अकोला, खामगांव या पेठांतून कापसाच्या गाठी मुंबईकडे जात, आणि पैसा हुंडीवर फिरे. त्या हुंड्यांत शहाजोग नांवाची एक जात होती. तिचे पैसे कोणाही वाटसरूच्या हातीं देत नसत. पेठेंत ज्याची पत व प्रतिष्ठा आहे अशा शहाच्याच हातीं देत. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. त्या सर्व रचनेचा पाया ओळख हा होता. कागद चोरणाऱ्याला शहाची पत चोरतां येत नसे.

पुढें १८७७ सालीं पोस्टानें व्ही. पी. ची पद्धत काढिली. आमच्या लहानपणीं पुण्यामुंबईचीं पुस्तकें अशींच येत. पुण्याचा पुस्तकवाला आम्हांस ओळखत नव्हता, आम्ही त्यास ओळखत नव्हतों. परंतु दोघेही पोस्टमनला ओळखत होते. पुडकें दारीं आल्यावांचून पैसे द्यावे लागत नसत, आणि पैसे दिल्यावांचून पुडकें सुटत नसे. ओळखीची ही एक कडी मध्यें होती म्हणूनच वऱ्हाडांतल्या आडगांवींही नवीं पुस्तकें पोंचलीं.

आज ती कडीही उरली नाहीं. मोबाईलच्या पडद्यावर जें दुकान दिसतें, त्याचा मालक कोठें बसतो हें आपणांस ठाऊक नसतें; तें दुकान खरें आहे कीं चित्र, हेंही कित्येकदां कळत नाहीं. सरकारनें व बँकांनीं कुलुपें लाविलीं आहेत, आणि तीं चांगलीं आहेत. ऑगस्ट २००९ पासून आमच्या देशांत कार्डानें घरबसल्या खरेदी करतांना छापील अंकांखेरीज आणखी एक गुप्त ओळख द्यावी लागूं लागली. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ग्राहकांच्या कार्डांचे अंक आपल्या दप्तरीं ठेवण्यास बंदी झाली. परंतु कुलूप कितीही भक्कम असलें तरी घरधन्यानेंच दार उघडलें तर तें काय करणार? जेथें ओळखीचा आधार राहिला नाहीं, तेथें मर्यादेचा आधार घ्यावा लागतो. समोरचा मनुष्य कसा आहे हें आपल्या हातीं नाहीं. त्याच्यासमोर किती पैसे घेऊन उभें राहावयाचें, हें मात्र आहे. प्रीपेड कार्डाचा सारा गुण आमच्या मतें एवढ्यांतच आहे.

हा गुण घालविण्याचे मार्गही पुष्कळ आहेत. पुष्कळ कार्डांत अशी सोय असते, कीं शिल्लक कमी झाली कीं बँकेच्या खात्यांतून ती आपोआप भरली जावी. ही सोय घेणें म्हणजे कशाला पेटीपासून नळी जोडून देणें. मग कसा आणि पेटी यांत भेद राहिला कोठें? दुसरें असें, कीं कार्ड भरतांना खात्याचें दार क्षणभर कां होईना उघडावेंच लागतें. तें परक्याच्या सांगण्यावरून, त्यानें पाठविलेल्या दुव्यावरून, फोन कानाला असतांना कधींही उघडूं नये. कार्डाची मुदत संपत आहे, केवायसी अपुरें आहे, अंक सांगा, असे फोन कार्डवाल्यांनाही येतात. कार्ड नवें असलें तरी फसविण्याची तऱ्हा जुनीच असते. नियम काय म्हणतो तेंही लक्षांत ठेवावें. रिझर्व्ह बँकेनें जुलै २०१७ मध्यें बँकांसाठीं आणि जानेवारी २०१९ मध्यें बँकेतर प्रीपेड संस्थांसाठीं जो दंडक घालून दिला, त्याप्रमाणें दोष तिसऱ्याच कोणाचा असेल आणि ग्राहकानें तीन दिवसांच्या आंत कळविलें असेल, तर नुकसान त्याच्या अंगावर पडत नाहीं. चार ते सात दिवस लागले तर त्याची जबाबदारी ठराविक रकमेपुरती राहते. परंतु गुप्त अंक ग्राहकानेंच दिले असतील, तर कळवीपर्यंतचें सारें नुकसान त्याचेंच. पैसे गेल्यावर १९३० या क्रमांकावर तत्काळ सांगावें असें सरकार बजावीत असतें, तें याचसाठीं : चोरीचा पैसा घटकाभरांत पांच खात्यांतून फिरतो. गुरुजींचे नऊ दिवस शरमेंत गेले. त्या शरमेचें कारण नव्हतें. चोरी करणारा लाजत नाहीं, मग ज्याची चोरी झाली त्यानें कां लाजावें?

हें सारें आम्हीं अक्काला सांगितलें, आणि त्याच आठवड्यांत तिचा मुलगा पुण्याहून आला. तो संगणकांतला जाणता, मातृभक्तही आहे. तो म्हणाला, "मामा, इतका विचार कशाला? आईसाठीं मींच कार्ड घेतों. दर महिन्याला मीं पैसे भरीन, आणि प्रत्येक खर्चाचा निरोप माझ्या मोबाईलवर येईल. कांहीं वावगें दिसलें कीं मीं लगेच बंद करीन." व्यवस्थेंत दोष काढावयास जागा नव्हती. अक्का मात्र स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन म्हणाली, "चाळीस वर्षें शाळेच्या पै-पैचा हिशेब मीं दिला. आतां मीं कोणती कादंबरी घेतली, याचा हिशेब तुला काहून देऊं?" मुलगा हंसला, आम्हीही हंसलों, परंतु तिच्या बोलण्यांत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें.

मर्यादा दोन प्रकारची असते : एक आपण घालून घेतलेली, दुसरी दुसऱ्यानें घालून दिलेली. दोहोंचे आंकडे एकच असूं शकतात. दरमहा दोन हजार रुपये अक्कानें आपल्या पेन्शनमधून भरले काय, किंवा मुलानें पुण्याहून भरले काय, चोराच्या दृष्टीनें भेद शून्य. अक्काच्या दृष्टीनें मात्र पहिल्या प्रकारांत ती घरधनीण राहते, दुसऱ्यांत तिला हातखर्च मिळतो. जीं मुलें आईबापांची काळजी करतात त्यांचें प्रेम आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु ज्या काळजीनें वडील माणसाच्या कनवटीची गांठ मुलाच्या हातीं जाते, ती काळजी थोडी अलीकडेच थांबलेली बरी. वृद्धांना फसविणारे चोर त्यांची शिल्लक नेतात; भ्यालेले आप्त त्यांचा व्यवहार नेतात, आणि व्यवहार सुटला कीं मनुष्य किती लवकर जीर्ण होतो, हें ज्यांनीं घरांत पाहिलें आहे त्यांना निराळें सांगावयास नको.

अक्का शेवटीं रिक्षानें स्वतः बँकेंत गेली, शुल्काचे प्रश्न तिनें कारकुनाला दोनदां विचारले, आणि पुन्हां भरतां येणारें कार्ड स्वतःच्या नांवें घेऊन आली. पेन्शनच्या दिवशीं ती त्यांत दोन हजार भरते. आपोआप भरण्याची सोय तिनें घेतली नाहीं. मुलाला तिनें एकच काम सांगितलें आहे : कांहीं संशय वाटला तर मीं तुला फोन करीन, तेव्हां रागावूं नकोस.

ही हकीगत आम्हीं मागच्या रविवारीं गुरुजींना सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं टेबलावरची पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या समासांत आंकडे मांडिले : वर्षाचें शुल्क, महिन्याचा भरणा, आणि सर्वच गेलें तर होणारा अधिकांत अधिक तोटा. त्या शेवटच्या आंकड्याखालीं त्यांनीं दोन रेघा ओढल्या. "दोन हजार," ते म्हणाले, "एवढी चूक करणें मला परवडेल." मुलाला फोन मात्र तेच करणार आहेत, तो आम्हीं करूं नये, असें त्यांनीं बजाविलें आहे.